बंबवाल्यांची आणि गोदीवाल्यांची चौदा तारीख

शिवडीच्या बीडीडी चाळीत १४ एप्रिल म्हणजे निळे झेंडे, लाऊडस्पीकर आणि बाबासाहेबांची जयंती. आजोबाही त्या गर्दीत असायचे. दुपार कलली की मात्र गॅलरीत येऊन बसायचे आणि गोदीची गोष्ट काढायचे.

१९४४ सालचा तो शुक्रवार. लढाईचे दिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट लागली होती. पोटात कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी आणि जवळजवळ १,४०० टन स्फोटकं. एरवी अशा बोटीवर लाल बावटा लागे. लढाईच्या घाईत तोही नव्हता. आजोबांची टोळी त्या दिवशी अलेक्झांड्रा डॉकात गेली, म्हणून ते वाचले. त्यांचा खोलीतला सोबती व्हिक्टोरियात होता. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नंबरच्या खणातून धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. आग हटेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासात दुसरा. पेटत्या कापसाचे बोळे वस्तीवर पडले. हादऱ्याची नोंद पार शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. सरकारने मात्र बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली. मुंबईच्या पेपरांना छापायला मे उजाडला.

एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून बोटीवरची सोन्याची वीट पडली आणि त्याने ती परत केली, हा किस्सा ज्याला त्याला पाठ आहे. आजोबांना त्याचा कंटाळा यायचा. ‘सोनं मोजलं रे त्यांनी, माणसं नाही मोजली,’ म्हणायचे.

बंबवाले मोजले गेले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी त्यांना मानवंदना देतात, आणि देशभर अग्निशमन सेवा सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो. हा मान त्यांचाच. बोट उडणार हे दिसत असताना नळ धरून उभं राहणं सोपं नव्हे. पण बाकीच्यांचं काय? मृतांचा आकडा कुणी ८०० धरतं, कुणी १,३००. बंबवाल्यांची हजेरी वहीत होती. रोजावरच्या गोदी कामगाराची हजेरी बहुधा मुकादमाच्या डोक्यात. त्यांच्या कामाचं नियमन करणारा कायदा १९४८ साली आला. आजोबांच्या सोबत्याचा देह सापडला नाही, मग दाखला कसला मिळणार? त्याची पत्र्याची ट्रंक दिवाळीपर्यंत खाटेखाली होती. मग गावाहून भाऊ येऊन घेऊन गेला.

शिवडी, माझगाव, लालबागमध्ये ज्यांच्या घरात अशी हकिगत असेल, त्यांनी त्या माणसाचं नाव, गाव आणि डॉक एका कागदावर लिहून ठेवावं. येत्या १४ एप्रिलला भायखळ्याला जाल तेव्हा तो कागद सोबत न्या.