अपरांतांतील यवन व त्यांचे देव

बोरीवलीहून राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्यानें कान्हेरीचा डोंगर चढणाऱ्या जिज्ञासूस एक प्रश्न केव्हांना केव्हां पडतोच. तेथील लेखांत कल्याण, सोपारा व चेऊल येथील व्यापाऱ्यांचीं दानें नमूद आहेत. याच तीन बंदरांचीं नांवें एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रवर्णनांत कल्लियेन, सुप्पर व सेमिल्ल अशा रूपांनीं येतात. थोरल्या सरगनाच्या काळीं कल्याण हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें, परंतु पुढें सांदनाच्या अमलांत तेथें अडथळे उत्पन्न झाले व चुकून तेथें लागलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेण्यांत येऊं लागलीं, असेंहि तो सांगतो. म्हणजे यवन आपल्या दाराशीं येत होते यांत शंका नाहीं. माणूस परदेशीं जातांना देव घरीं ठेवून जात नाहीं. मग त्यांचे देव येथें कोठें राहिले ?

ग्रीकांचें देवमंडळ वाचकांस सामान्यतः परिचित आहे. ओलिंपस पर्वतावर त्यांचे मुख्य देव बारा. वज्रधारी झ्यूस हा राजा व हेरा ही राणी; पोसायडन समुद्राचा स्वामी; अथीना ही बुद्धीची व युद्धाची कुमारी देवता; अपोलो धनुर्धर व भविष्य वदविणारा, आर्टेमिस त्याची जुळी बहीण; एरीस रणदेव, हर्मीस व्यापाऱ्यांचा व वाटसरूंचा पाठीराखा, अफ्रोडायटी प्रेमाची देवता. बाकीच्यांची यादी येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. बारांच्या बाहेरचे, परंतु मानाचे असे दोघे मात्र लक्षांत असूं द्यावे: झ्यूसचा पिता क्रोनस व सूर्यदेव हेलिओस. त्यांची गांठ पुढें पडावयाची आहे.

या देवांचें आमच्या देवांशीं नातें जोडण्याचा उद्योग जुना आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८४ सालीं ग्रीस, इटली व हिंदुस्थान येथील देवांवर निबंध लिहून गणपतीची सांगड रोमन जेनसाशीं घातली. पुढें भाषाशास्त्र आलें व वेदांतील द्यौः आणि झ्यूस, उषस् आणि ईऑस या जोड्या पक्क्या ठरल्या. पण हें नातें एका प्राचीन कुळांतून निघालेल्या दोन शाखांचें आहे. चुलतभावांचें तोंडवळे जुळतात म्हणून एकानें दुसऱ्याच्या घरीं मुक्काम केला असें सिद्ध होत नाहीं. प्रस्तुत प्रश्न मुक्कामाचा आहे, व तो सोडविण्यास ज्याचें ठिकाण माहीत आहे असाच पुरावा चालेल.

प्रथम पाषाण पाहूं. कार्ल्याच्या चैत्यांत धेनुकाकट येथील यवनांनीं खांब दिल्याचे लेख आहेत. दात्यांचीं नांवें सिहधय, धम्म, यसवधन अशीं. यांत ग्रीक कांहींच नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडील दातामितीचा योणक इंद्राग्निदत्त येतो. त्याच्या नांवांत दोन वैदिक देव आहेत, ओलिंपसचा एकहि नाहीं. जुन्नरास इरिल, चिट व चंद असे तीन यवन दाते आहेत, आणि त्यांत इरिल हें एकच नांव परकें वाटतें. हे सर्व लोक वंशानें ग्रीक होते, कीं पश्चिमेकडून आलेल्या कोणासहि लोक यवन म्हणत, हा वाद अजून मिटलेला नाहीं. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. तें कांहींहि असो, त्यांनीं दान दिलें तें बौद्ध संघास. विदिशेजवळ तक्षशिलेच्या हेलिओदोरानें वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडध्वज उभारला, त्यांतलाच हा प्रकार. यवन जेथें गेला तेथल्या देवास नमस्कार करीत गेला.

कान्हेरीस तर ज्ञात लेखांत यवन दाता आढळत नाहीं व ग्रीक अक्षर एकहि नाहीं. परकीयानें स्वतःच्या लिपींत तेथें कांहीं लिहिलें नाहीं असें मात्र नव्हे. नव्वदाव्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ या वर्षीं आलेल्या इराणी मंडळींनीं आपलीं नांवें पहलवी लिपींत कोरून ठेविलीं आहेत. यवन त्यांच्या हजार वर्षें आधींचा, पण या भिंतींवर तो मुका आहे.

आतां नाणीं. पेरिप्लसचा कर्ता सांगतो कीं, अपोलोदोत व मिनँडर यांचे ग्रीक अक्षरांचे जुने द्रम्म त्याच्या काळीं भडोचास चालत होते. मिनँडर म्हणजे 'मिलिंदपन्हा'तील राजा मिलिंद. त्याच्या रुप्याच्या नाण्यांवर ढाल धरून वज्र फेंकणारी अथीना असते, आणि अपोलोदोताच्या कांहीं नाण्यांवर हातीं बाण घेतलेला अपोलो. म्हणजे मंदिरांतून नव्हे, तरी व्यापाऱ्याच्या कसेंतून हे दोन देव आमच्या किनाऱ्याच्या तोंडापर्यंत खास आले होते. त्यानंतरचा नहपान पाहा. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ मध्यें त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. या नाण्यांच्या दर्शनी बाजूस राजाचें मस्तक व सभोंवार ग्रीक अक्षरें आहेत, परंतु त्या अक्षरांत लिहिलेली भाषा प्राकृत आहे. मागील बाजूस देव नाहीं, एक बाण व एक वज्र आहे. अपोलोचा बाण व अथीनेचें वज्र हातांतून गळून नाण्यावर तेवढें उरलें असावें, असा माझा तर्क आहे. वज्र इंद्राचेंहि असतें, म्हणून यास तर्कच म्हणावें. द्रम्म हा शब्द मात्र मूळचा ग्रीक 'द्राख्मी' यांत वाद नाहीं. उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो नांदतो, आणि बाजारांत आपण 'दाम' मोजतों तो त्याचाच वंशज.

प्रत्यक्ष देवमूर्ति म्हणून महाराष्ट्रांत दाखवितां येईल अशी एक आहे, व तीहि साष्टींत नव्हे. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत १९४४ सालीं प्रा. कुंदनगार यांना कांस्य वस्तूंचा एक संचय मिळाला. त्यांत वीतभराहूनहि लहान असा पोसायडन होता. पुढें १९४५-४६ त डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रीय उत्खनन करून ती वसाहत सातवाहनकालीन असल्याचें दाखविलें. मूर्ति नग्न, दाढीधारी, व हातांतील त्रिशूळ हरवलेली अशी आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयांत आहे. समुद्रापासून इतक्या आंत, घाटमाथ्यावर, समुद्रदेव काय करीत होता ? त्याची पूजा होत होती असें मानण्यास तेथें कांहींहि आधार नाहीं. त्याच संचयांत पश्चिमेकडची इतर भांडींकुंडींहि होतीं. कोणा श्रीमंत गृहस्थाच्या घरची ती हौसेची चीज असावी. तरी या लहानशा मूर्तीचें मोल मोठें आहे, कारण ती कोठें सांपडली हें आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या बाजारांत विकत घेतलेलीं, गांवठावांचा पत्ता नसलेलीं यवन नाणीं कित्येक संग्राहकांजवळ आहेत. तीं सुंदर आहेत. अपरांताच्या इतिहासास त्यांचा उपयोग नाहीं.

इतका शोध घेतल्यावर हातीं एक मूर्ति व कांहीं नाणीं एवढेंच येतें. परंतु ज्या ठिकाणीं पाहण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं, तेथें हे देव आपलीं नांवें घेऊन बसलेले आहेत. तें ठिकाण म्हणजे ज्योतिषाची पोथी.

वराहमिहिर सहाव्या शतकांतला. त्याच्या बृहज्जातकाच्या दुसऱ्या अध्यायांत ग्रहांचे पर्याय दिले आहेत. सूर्यास 'हेलि' म्हटलें आहे, तो हेलिओस. मंगळास 'आर', तो एरीस. बुधास 'हेम्न', तो हर्मीस. शुक्रास 'आस्फुजित्', ती अफ्रोडायटी. शनीस 'कोण', तो क्रोनस. संस्कृत व्युत्पत्तीनें यांचा समाधानकारक अर्थ लागत नाहीं. ग्रीक नांवें शेजारीं ठेवतांच लागतो. पहिल्या अध्यायांतील राशींचे पर्यायहि याच जातीचे आहेत: मेषास क्रिय, सिंहास लेय, कन्येस पाथोन, तुळेस जूक. कुंभ राशीस तर 'हृद्रोग' असें नांव आहे. पाणी ओतणारा या अर्थाचा 'हिद्रोखोस' हा ग्रीक शब्द आमच्या जिभेवर काळजाचा आजार होऊन बसला ! होरा, लिप्ता, द्रेष्काण, जामित्र हे शब्द त्याच वाटेनें आले, आणि केंद्रहि. दिल्लीच्या सरकारास केंद्र म्हणतांना आपण ग्रीक बोलतों.

केवळ शब्दांवर विसंबूं नये हें खरें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'ंत या शब्दांची चर्चा करून, शब्द परके म्हणून सारें शास्त्र परकें ठरत नाहीं असा पक्ष घेतला, व तो आदरानें ऐकण्याजोगा आहे. ग्रहांना देवांचीं नांवें देण्याची चाल ग्रीकांनींहि बाबिलोनकडून उचलली, हेंहि विसरतां नये. परंतु शब्दांपलीकडचा एक पुरावा आहे, व मला तो निर्णायक वाटतो. पुराणांत शुक्र हा भृगुकुळांतला ऋषि, दैत्यांचा गुरु, पुरुष. चंद्रहि पुरुष, रोहिणीचा पति. असें असतां बृहज्जातकांत चंद्र व शुक्र या दोघांस स्त्रीग्रह म्हटलें आहे. दैत्यगुरूस स्त्री करण्याचें कारण आमच्या एकाहि कथेंत मिळत नाहीं. ग्रीकांकडे मात्र शुक्राच्या ठायीं अफ्रोडायटी आहे व चंद्राच्या ठायीं सेलीनी ही देवी. नांव बदललें, कथा बदलली, वेष बदलला, पण लिंग तसेंच राहून गेलें. उसनवारी उघडकीस येते ती अशा न पुसलेल्या खुणेनें.

वारांचा क्रमहि याच होरेंतून निघाला. दूरच्या ग्रहापासून आरंभ केल्यास शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम येतो. दिवसाच्या चोवीस होरांवर हे सात ओळीनें नेमीत गेलें असतां, शनिवारच्या पहिल्या होरेचा स्वामी शनि, तर पंचविसाव्या म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या पहिल्या होरेचा रवि ठरतो. त्यापुढें चंद्र, मग मंगळ. वाराचा आमच्याकडील फार जुना कोरीव उल्लेख एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर इ. स. ४८४ चा आहे. तो दिवस सुरगुरूचा, म्हणजे गुरुवार. ग्रीकांच्या हिशेबीं तो झ्यूसचा दिवस होय. देवांचा राजा येथें देवांचा गुरु झाला.

हें ज्ञान कोणत्या वाटेनें आलें ? स्फुजिध्वजाच्या 'यवनजातक' ग्रंथाची ताडपत्रावरील प्रत नेपाळांत आहे. डेव्हिड पिंग्री यांनीं १९७८ मध्यें तो छापतांना असें मांडलें कीं, मूळ ग्रीक ग्रंथाचें भाषांतर इ. स. १४९-५० त क्षत्रपांच्या राज्यांत झालें व २६९-७० त स्फुजिध्वजानें तें पद्यांत घातलें. अनेक वर्षें हे आंकडे प्रमाण म्हणून उद्धृत होत होते. २०१३ सालीं बिल माक यांनीं दुसऱ्या एका नेपाळी पोथीच्या आधारें मूळ वाचन तपासून हे सन त्या श्लोकांतून निघत नाहींत असें दाखविलें. एका पोथीनें बांधलेली कालगणना दुसऱ्या पोथीनें सोडविली. क्षत्रपांच्या राज्याचा तर्क त्यामुळें अशक्य झाला नाहीं, पण आतां तो वर्षांच्या आधारावर उभा करतां येत नाहीं.

याच कारणास्तव पुढील गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं अंधेरीकडील एका जुन्या वाडीचें घर नव्या इमारतीसाठीं पाडावयाचें ठरलें, तेव्हां घरच्या मंडळींनीं पोथ्यांचीं दोन गांठोडीं मजकडे दिलीं. एकांत स्तोत्रें व माहात्म्यें होतीं. दुसरें सबंध ज्योतिषाचें, जातक, ताजिक, मुहूर्त व जुनीं पंचांगें. मीं तें एका संस्थेकडे नेलें असतां, बखर किंवा कागदपत्र असल्यास ठेवूं, जातकाच्या पोथ्या इतिहासोपयोगी नाहींत व जागाहि नाहीं, असें उत्तर मिळालें. गांठोडें परत नेलें. पावसाळ्यांत तें ज्या खोलींत ठेविलें तेथें गळती लागली. माझाहि आळस त्यांत होताच. वाळवून पाहिलें तों पानें एकमेकांस चिकटलेलीं होतीं, व बृहज्जातकाचीं पहिलीं पानें उलगडलींच नाहींत. जीं दोन पानें मला हवीं होतीं, तींच तीं.

न कळलेला शब्द नकलकार आपल्या समजुतीप्रमाणें सुधारूं पाहतो. हेम्न हा शब्द हिम्न किंवा हेम होतो, आस्फुजिताचा आकार गळतो, इरिलासारखें परकें नांव तर कोणीहि बदलून टाकील. अशा विकृतींवरूनच एखादी पोथी कोणत्या परंपरेंतली हें ओळखतां येतें, आणि कोंकणांतल्या प्रती उज्जयिनी-गुजराथेकडच्या प्रतींशीं जुळतात कीं दक्षिणेकडच्यांशीं, हें अशा पाठांवरूनच ठरूं शकेल. तरी ज्या वाचकांच्या संग्रहीं बृहज्जातकाची किंवा त्यावरील भट्टोत्पलाच्या टीकेची हस्तलिखित प्रत असेल, त्यांनीं पहिल्या अध्यायांतील राशींचे व दुसऱ्या अध्यायांतील ग्रहांचे पर्याय अक्षरशः, स्वतः कांहींहि दुरुस्ती न करितां, उतरून कळवावे. सोबत प्रतीचा लेखनशक, नकलकाराचें गांव व पोथी कोणत्या स्थळाहून मिळाली हें नमूद करावें. पान फाटलें असल्यास उरलेलीं अक्षरें तेवढींच द्यावींत.