एक पौंड धान्यात माणूस किती दिवस खडी फोडेल?

पुण्याहून सोलापूर रोडने निघालात की यवतच्या पुढे भांडगाव लागतं. आज या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, हायवेवर ढाबे आहेत. 1876 मध्ये यातलं काहीच नव्हतं. आजचा दौंड तालुका तेव्हा भीमथडीत मोडायचा आणि त्या वर्षी पावसाने दगा दिला. बाजरी, ज्वारी हातची गेली. आधीच सावकाराच्या कर्जात बुडालेली ही गावं. शेजारच्या सुप्यात वर्षभरापूर्वीच सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या.

सरकारने दुष्काळी कामं काढली. तलाव खोदा, खडी फोडा, मजुरी घ्या. दौंडकडचा माटोबा तलाव हा त्याच काळातला. आता प्रश्न असा की मजुरी किती द्यायची? म्हणजे खरं तर, माणसाला जगायला किती लागतं?

हे ठरवायला व्हाइसरॉय लिटनने 1877 च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपलला पाठवलं. या टेंपलची गंमत ऐका. गंमत कसली म्हणा! तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात याच माणसाने ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणवला आणि लोक वाचवले. त्यावर 'उधळ्या' म्हणून त्याच्यावर टीका झाली. त्यामुळे या खेपेला साहेबांनी हात आखडला. गड्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर फार तर एक आणा. बाईला त्याहून कमी.

मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. साडेचारशे ग्रॅम ज्वारी म्हणजे साधारण 1,600 कॅलरी. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला आजच्या भारतीय शिफारशीप्रमाणे 3,400 च्या वर लागतात. वरच्या आण्यात मीठ-मिरची, सरपण आणि घरी बसलेली म्हातारी, सगळंच भागवायचं.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या मापाला उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं, दीड पौंड धान्य तरी द्या आणि सोबत डाळ, भाजी द्या. नुसत्या धान्याने पोट भरल्यासारखं वाटेल, शरीर मात्र झिजत जाईल. म्हणजे 'किती' खाल्लं याच्याइतकंच 'काय' खाल्लं हेही मोजा. मार्चमध्ये मद्रासने माप थोडं वाढवून सव्वा पौंड केलं, वर थोडी डाळ.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात मजुरांनीच उत्तर दिलं. मजुरी कापली आणि लांबच्या कामांवर जायला सांगितलं, तेव्हा हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. सरकारी तर्क असा होता की खरा भुकेला असेल तो मिळेल त्या मजुरीवर राबेल, जो निघून गेला त्याला गरज नव्हती. मला हा तर्क आजही भयंकर वाटतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मग वेगळं मोजमाप मांडलं. गावोगावच्या माणसांकडून हकिगती मागवल्या, छापल्या, सरकारला अर्ज धाडले. तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त खायला मिळतं, हा मुद्दाही तेव्हा पुढे आला.

पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने धान्यासोबत डाळ, मीठ, तेल-तूप यांचा हिशेब मांडला. पण मोजत होते ते एकेका मजुराला. घराला कोण विचारणार?

ते काम शेजारच्या शिरूर तालुक्यात झालं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक हे गाव घेऊन घरोघरचं उत्पन्न, कर्ज आणि खर्च तपासला. 1921 साली पुस्तक आलं. कोणतं घर शेतीवर तगतं, कोणतं बाहेरच्या मजुरीमुळे तगतं आणि कोणतं तगूच शकत नाही, अशी वाटणी त्यांनी केली.

1972 च्या दुष्काळाचं घरी आजीला विचारा. सुकडी आणि लाल मिलो हे दोन शब्द ती लगेच काढेल.

आज मदत प्रकल्पाची ताई टॅब घेऊन येते आणि विचारते, काल दिवसभरात घरात काय काय खाल्लं? अन्नाचे बारा गट असतात, प्रत्येकाला एक गुण. भाकरी एक, तेल एक, मिरची-मसाला एक, चहातली साखर एक, दूध एक. झाले की पाच! डाळ नाही, भाजी नाही, तरी पाच. म्हणून या आकड्यावरून घराची ऐपत कळते, पोषण कळत नाही. बायकांसाठी वेगळं माप आहे. त्यात दहा गट, तेल-साखर-मसाला बाद, आणि किमान पाच गट हवेत. वरच्याच घरातल्या बाईचे त्यात दोन भरतात, भाकरी आणि दूध. तेसुद्धा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसलेल्या बाईच्या वाट्याला दूध उरलं तर.