सुटलेला आणि न सुटलेला प्रश्न

३० जानेवारी १८१२ रोजी गाउसने गॉटिंगेनहून पॅरिसला लाप्लासला पत्र धाडले. बारा वर्षांपूर्वी हाती घेतलेला एक प्रश्न आपल्याला अजून समाधानकारक सुटलेला नाही, तुम्ही पाहाल का, असा त्याचा आशय. मला नवल वाटते ते त्याच्या दैनंदिनीमुळे. तिथे २५ ऑक्टोबर १८०० च्या नोंदीत हाच प्रश्न सुटल्याचे लिहिले आहे!

प्रश्न दिसायला साधा. वर्तुळाच्या 'पाय' या संख्येतून ३ काढा, उरलेले ०.१४१५९… उलटे करा, म्हणजे त्याने १ ला भागा. ७.०६… येतात. त्यातले ७ काढा, उरलेले पुन्हा उलटे करा. ३, ७, १५, १, २९२ असे आकडे निघत जातात. ७ वर थांबलो की शाळेतले २२/७ हाती येतात. हाच परंपरित अपूर्णांक. आता ० ते १ मधली कोणतीही संख्या डोळे मिटून उचलली आणि हे पुष्कळ वेळा केले, तर उरणारा भाग 'क्ष'पेक्षा लहान असण्याची संभाव्यता किती?

गाउसचे उत्तर: (१ + क्ष) चा लॉगॅरिदम भागिले २ चा लॉगॅरिदम. सुरुवातीला सारख्या पसरलेल्या संख्या शून्याकडे दाटतात आणि अखेरीस निम्म्या ०.४१४ च्या आत येतात. मग प्रत्येक उलटापालटीत संख्या जागा बदलतात, वाटणी मात्र हलत नाही. जत्रेत माणसे फिरत असतात, पण गर्दी जिथे दाट तिथे दाटच राहते, तसे. म्हणूनच निघणाऱ्या आकड्यांत १ सुमारे ४१.५ टक्के वेळा येतो, २ सतरा टक्के, ३ जेमतेम नऊ.

लाप्लासकडे त्याने मागितले ते वेगळेच: ठरावीक वेळा केल्यावर खरी संभाव्यता आणि हे उत्तर यांत फरक किती उरतो? माझ्या मते दैनंदिनी आणि पत्र यांत विसंगती नाही. मुक्काम कळला होता, चाल कळली नव्हती.

उत्तरासाठी १९२८ उजाडले. रशियन गणिती कुझ्मिनने सिद्धता दिली, पुढच्याच वर्षी पॉल लेव्हीने स्वतंत्रपणे, अधिक काटेकोर. १९७४ मध्ये वीर्सिंगने दाखवले की दर पायरीला फरक अखेर ०.३०३६ पटीने आटतो. दरम्यान १९५७ मध्ये हंगेरीच्या रेन्यीने अशा इतर अनेक उलटापालटींसाठीही स्थिर वाटणी असते हे सिद्ध केले, पण तिचे सूत्र क्वचितच लिहिता येते. गाउसचे एका ओळीत मावते. ते सुचले कसे, हे त्याने कुठेच लिहून ठेवलेले नाही.