घराचं दुखणं आणि समुपदेशनाचा इतिहास

"डॉक्टरांनू, माका झोप नाय," म्हणत एखादी सून दवाखान्यात येते, तेव्हा सोबत सासू असते, कधी दीरही. नवरा मुंबईला, आखातात नाहीतर बोटीवर. अशा घराला "नवरा-बायको दोघं मिळून या" असं सांगून भागत नाही. कुटुंबोपचार करणाऱ्यांनाही हे उमगायला वेळ लागला.

पूर्वी मनाचा उपचार म्हणजे डॉक्टर आणि एकटा रुग्ण. १९५० च्या दशकात अमेरिकेत काही डॉक्टर अख्ख्या कुटुंबाला समोर बसवू लागले. त्याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णासोबत आवारातच तंबूत राहायला बोलावलं. आपल्याकडे आजारी माणसाबरोबर घर येतंच. त्यांनी त्याचा उपचारासाठी उपयोग केला.

पण कुटुंब म्हणजे नेमकं कोण? साल्वाडोर मिनुशिन यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांसोबत काम करताना उपचाराची पद्धत बदलली. त्यावरचं पुस्तक १९६७ साली आलं. १९८२ मध्ये मोनिका मॅकगोल्ड्रिक व सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या कुटुंबांवर ग्रंथच काढला. एकच माप सर्वांना बसत नाही, हे आता अभ्यासाचा भाग झालं.

त्याच १९८२ साली मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि कोकणातले कितीतरी चाकरमानी गावी परतले. पत्र आणि मनीऑर्डरवर चाललेले संसार एका छपराखाली आले. तेव्हा समुपदेशक कुठला? मामा, गावातले जाणते आणि देवळातलं गाऱ्हाणं, एवढाच आधार. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशकाची तरतूद केली.

जाणत्यांचा आधार मोलाचा, पण त्यांच्यापुढे सून मोकळेपणी बोलेलच असं नाही. रीतीचा मान राखायचा म्हणजे मारहाणही पोटात घालायची, असं नव्हे. घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. म्हणून मी आधी सुनेशी एकटीशी बोलतो, मग तिची हरकत नसेल तर सासूशी, आणि नवऱ्याशी फोनवर.

तुमच्या घरातही कुणाची झोप उडाली असेल, तर "घरातली गोष्ट" म्हणून गप्प राहू नका. टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. दवाखान्यात आलात, तर "माका एकटीक बोलाचा हा" एवढं सांगा, पुरे.