गोधडीतलं दप्तर

रायपूरच्या मराठी माणसांचा इतिहास म्हटला की आपण भोसल्यांपासून सुरुवात करतो. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहत. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणं रायपूरला आणलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. हे सारं दप्तरात सापडतं. इकडे लग्न होऊन आलेल्या बायकांचं दप्तर मात्र कुणी ठेवलं नाही.

वऱ्हाडातून आलेल्या माझ्या आजीची गोधडी माझ्याकडे आहे. वर-खाली लुगडं, आत विटक्या धोतरांचे थर, कडेला काठांची चौकट. धावदोरा कडेपासून चौकोनात फिरत मध्यावर येतो, म्हणून आतली चिंधी सरकत नाही. शेजारच्या मावशी छत्तीसगढीत तिला ‘कथरी’ म्हणतात. आपली ‘कंथा’ आणि त्यांची ‘कथरी’, दोन्हींचं मूळ एकच.

आत कुणाकुणाचं कापड आहे, हे पाहायचं तर ती उसवावी लागेल. खरं सांगते, कात्री हातात घेतली होती. मग ठेवून दिली. फाटल्या जागी आईच्या साडीचा तुकडा लावला आणि आजीच्याच ओळीत टाके घातले. जुन्या दप्तरात आपल्याला भर घालता येत नाही. गोधडीत येते.