मागचं दार

या आखाजीला बऱ्याच वर्षांनी जामनेरला जाणं झालं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस असतो... त्यावर पुन्हा कधीतरी. आज विषय जरा रुक्ष आहे. राज्यसभा. थांबा, लगेच पळू नका!

झालं असं, की जेवणं आटोपून आम्ही ओट्यावर बसलो होतो. दादाची मुलगी एमपीएससीचा अभ्यास करतेय. तिने मोठ्याने प्रश्न वाचला, "लोकसभा विसर्जित झाली तर राज्यसभेचं काय होतं?"

नाना सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तिचं काय व्हायचंय? ती मागच्या दाराची सभा आहे. निवडणुकीत पडायचं, आणि तिकडून आत शिरायचं."

नानांच्या या वाक्यामागे इतिहास आहे. मी सातवीत असताना नाना गावच्या ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि नऊ मतांनी पडले. महिन्याभरात एका संस्थेच्या मंडळावर "तुम्हाला असेच घेतो" म्हणून बोलावणं आलं. नानांनी नाही म्हणून सांगितलं. "लोकांनी नको म्हटलं ना? मग नको." या गोष्टीवर आम्ही भावंडं वाढलो. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये जळगावचे उज्ज्वल निकम राज्यसभेवर नियुक्त झाले तेव्हा आत्या खूश झाली, आणि नाना म्हणाले, "वकील मोठा माणूस आहे, पण २०२४ ला लोकसभेला पडले होते ना?"

मी म्हटलं, "नाना, बाबासाहेबसुद्धा त्याच दाराने गेले होते."

नानांचा अडकित्ता थांबला. पण खरंच आहे ते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आंबेडकर उत्तर मुंबईतून काजरोळकरांकडून हरले. मग मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा ते राज्यसभेचेच सदस्य होते. ज्यांनी घटनेचा मसुदा केला, त्यांना लोकांनी दोनदा घरी बसवलं. दुसरं दार नसतं, तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या संसदेत ते कुठे दिसले असते?

मग पोरीच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मीच पुस्तकात शिरले. राज्यसभा विसर्जित होतच नाही. १३ मे १९५२ ला तिची पहिली बैठक झाली. तेव्हा नाव 'कौन्सिल ऑफ स्टेट्स' होतं, 'राज्यसभा' हे नाव १९५४ मध्ये आलं. सदस्य सहा वर्षांसाठी असतो आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. म्हणजे घर कधी रिकामं पडत नाही. पैशाच्या विधेयकावर मात्र तिचं फारसं चालत नाही, चौदा दिवसांत परत पाठवावं लागतं.

आणि लोक मत देत नाहीत असंही पूर्ण खरं नाही. जामनेरकर आमदाराला मत देतात आणि तो आमदार राज्यसभेला मत देतो. २८८ आमदार, सहा जागा असल्या तर एका उमेदवाराला साधारण ४२ पहिल्या पसंतीची मतं लागतात. म्हणजे आपलं मत जातं, पण दुसऱ्याच्या हातून. आमच्या जामनेरचे ईश्वरलाल जैन २०१० ते २०१६ राज्यसभेत होते. शेजारच्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावला जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९८५ मध्ये गेल्या आणि १९८६ ते १९८८ उपसभापती होत्या. १९८७ मध्ये काही आठवडे तर सभापतीचं कामही त्यांनीच पाहिलं. वीस वर्षांनी त्या राष्ट्रपती झाल्या. आत्याला हे सगळं तोंडपाठ आहे!

पण माझ्या मनात घर केलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयकं मरतात. राज्यसभेत मांडलेलं आणि अजून लोकसभेत न गेलेलं विधेयक मात्र जगतं. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६, १९९८ आणि १९९९ मध्ये लोकसभेत मांडलं आणि प्रत्येक वेळी बुडालं. म्हणून २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडलं. ९ मार्च २०१० ला तिथे मंजूरही झालं, पण पुढे लोकसभेने हात लावला नाही आणि २०१४ मध्ये ते पुन्हा बुडालं. अखेर कायदा झाला तो २०२३ मध्ये.

आता घरातली गोष्ट. आंबेडकरांचं हिंदू कोड बिल १९५१ मध्ये अडलं आणि त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे त्याचे तुकडे करून कायदे आणले गेले. मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा देणारं वारसा विधेयक १९५४ च्या डिसेंबरात पहिल्यांदा आलं ते राज्यसभेत. ते पुढे नेणारे मंत्री होते हरि विनायक पाटसकर, १९५२ ला आपल्या जळगावातून लोकसभेवर निवडून आलेले! म्हणजे पुढच्या दाराने आलेला जळगावचा खासदार मागच्या दाराच्या सभेत लेकींचा वाटा मांडत होता, आणि समोर सदस्यांत आंबेडकर होते. १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला.

तरी वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाच्या बरोबरीला आली नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझं लग्न १९९२ चं. दोन वर्षांनी हुकलं! २००५ च्या दुरुस्तीने मीही त्यात आले. ते विधेयकसुद्धा डिसेंबर २००४ मध्ये आधी राज्यसभेतच मांडलं गेलं होतं.

मी ओट्यावर हे सांगत होते तेव्हा आत्या गप्प होती. तिने तिचं हक्कसोडपत्र कधीच लिहून दिलंय, एका साडीवर. आणि माझं हक्कसोडपत्र टाइप होऊन आतल्या कपाटात सहीची वाट पाहतंय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

नानांचं सगळंच चूक आहे असं नाही. राज्यसभा राज्यांची म्हणायची, पण २००३ पासून उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असायलाच पाहिजे ही अटच काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये ते मान्य केलं. जून २०२२ च्या निवडणुकीत आमदारांना हॉटेलांत ठेवावं लागलं, तेही आपण टीव्हीवर पाहिलं. दार आहे म्हटल्यावर कोणीही घुसायला बघणारच. पण म्हणून दार भिंत घालून बंद करायचं का? लोक पहिल्या झटक्यात चुकतात. नऊ मतांनीही चुकतात. कुठेतरी दुसऱ्यांदा विचार करायची जागा लागतेच.

संध्याकाळी झोक्यापाशी नानांनी मला विचारलं, "ते लेकींचं बिल पहिल्यांदा कुठं मांडलं म्हणालीस, माय?"

"राज्यसभेत."

"हं," एवढंच म्हणाले. रात्री निघताना मी सहीचा विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. कागद अजून कपाटात आहेत.

दादा, तू हे वाचणार, माहीत आहे मला. रागावू नकोस. सही करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. मलाही दुसऱ्यांदा विचार करायचाय. फोन कर.