ओदनपाणिनीय : विद्यापीठाची निवड व विद्यार्थ्याची पंगत

विद्यार्थी विद्यास्थान निवडतो तें तेथील अध्यापकांकडे पाहून, कीं तेथील जेवणखाण, सोबती व मौजमजा यांकडे पाहून, हा प्रश्न आजकालचा समजला जातो. तो फार जुना आहे. पाणिनीच्या सहाव्या अध्यायांत निंदादर्शक समासांच्या स्वराचें एक सूत्र आहे. त्यावर काशिकाकारांनीं दिलेलीं उदाहरणें मोठीं मार्मिक आहेत. भातासाठीं पाणिनीच्या संप्रदायांत शिरलेले ते ‘ओदनपाणिनीय’, तुपासाठीं रौढीकडे गेलेले ते ‘घृतरौढीय’, कांबळ्यासाठीं चारायणाचे झालेले ते ‘कंबलचारायणीय’, आणि मुलीच्या लाभासाठीं दाक्षीचें शास्त्र पढणारे ते ‘कुमारीदाक्ष’. यांपैकीं कांहीं शब्द पतंजलीच्या महाभाष्यांतहि आढळतात. एका गुरूपाशीं न टिकतां हिंडणाऱ्या शिष्यास ‘तीर्थकाक’ म्हणत, तेंहि भाष्यकारांनींच सांगितलें आहे. तात्पर्य, दोन हजार वर्षांपूर्वींहि विद्यार्थी पंगत पाहून शाळा निवडीत, आणि वैयाकरण त्यांस हंसत.

हें हंसणें सर्वांस सारखेंच लागू करावें काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठीं आम्ही खानदेशचा दाखला घेतों. कारण तो आम्हांस जवळचा आहे.

इ. स. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. पुढें जवळजवळ शंभर वर्षें खानदेशांतील विद्यार्थ्यास विद्यापीठ निवडण्याचें कारण सहसा पडलें नाहीं. विद्यापीठ मुख्यत्वें परीक्षा घेणारें होतें. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पदवी एक. निवड उरली ती कॉलेजाची. पुस्तकें तींच असल्यामुळें कॉलेजाकॉलेजांत भेद राहिला तो अध्यापकांचा, खर्चाचा आणि सहवासाचा. व यांतील शेवटचे दोन घराघरांतून अधिक बोलले जात. पुण्यास नातलग आहेत काय? वार लावून जेवण्याची सोय होईल काय? आठवड्याचे सात दिवस सात घरीं जेवून शिकलेल्या पिढ्या महाराष्ट्रांत होऊन गेल्या. पण सातवें घर मिळालें नाहीं तर त्या दिवशीं उपास, आणि ज्या जातीस गांवांत असें एकहि घर नव्हतें तिच्या मुलानें काय करावें, याचें उत्तर त्या पद्धतींत नव्हतें. निरनिराळ्या जातींच्या पंगती निरनिराळ्या बसत. विद्यापीठाच्या सनदेंत ज्याला मज्जाव नव्हता, त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मज्जाव होता.

सहवासाचें मोल किती, हें पुण्याच्या इतिहासांत ठळक दिसतें. टिळक व आगरकर यांची गांठ डेक्कन कॉलेजांत पडली. तेथील संभाषणांतून शाळेचा विचार पक्का झाला, आणि १ जानेवारी १८८० रोजीं चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. इ. स. १९०५ सालीं विदेशी कापडाच्या होळीनंतर फर्ग्युसन कॉलेजानें सावरकरांस शिक्षा दिली ती दंडाची व वसतिगृहांतून काढण्याची. परीक्षेस बसण्याची वाट मोकळी राहिली. वसतिगृहांत राहणें हें शिक्षणाचें केवढें अंग मानलें जाई, तें त्या शिक्षेवरूनच कळतें. सन १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानेंहि, पालकांपाशीं न राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची व्यवस्था हें कॉलेजाच्या संलग्नतेचें एक अंग ठरविलें होतें.

ही गोष्ट सर्वांच्या आधीं व सर्वांहून स्पष्टपणें कोल्हापुरास ओळखली गेली. राजाराम कॉलेज होतेंच. पण तेवढ्यानें खेड्यांतील मुलगा तेथें पोंचत नाहीं हें शाहू छत्रपतींनीं पाहिलें. एप्रिल १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि पुढें निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें एकामागून एक उभीं राहिलीं. तीं जातवार होतीं, हा दोष कांहीं टीकाकार दाखवितात. सातारच्या भाऊराव पाटलांनीं इ. स. १९२४ सालीं काढलेल्या बोर्डिंगांत सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीस बसवून त्या दोषाचें निरसन केलें. आमच्या खानदेशांत अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलाचें छात्रालय साने गुरुजींनीं चालविलें, व मुलांसाठीं हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढिलें. शाळेचे वर्ग आणि छात्रालयाची ओसरी यांत मुलांच्या मनावर अधिक ठसा कोणाचा उमटला, हें अंमळनेरकरांस सांगावयास नको.

पुढचा कालखंड थोडक्यांत सांगतां येतो. इ. स. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ झालें व खानदेश त्याच्या कक्षेंत आला. त्याच वर्षीं बडोद्यासहि विद्यापीठ निघालें. १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालें, त्यास इ. स. २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला.

आम्ही राहतों तें पुरुषोत्तमनगर हें शहादें तालुक्यांतील, साखर कारखान्याभोवतीं वसलेलें गांव. येथील मुलास आतां खरोखरच विद्यापीठ निवडावें लागतें. नंदुरबारच्या स्टेशनावर उभें राहिलें कीं एकाच रुळावरून एक गाडी सुरतेकडे जाते व दुसरी जळगांवाकडे. पुणें तिसऱ्याच दिशेस. जुना मास्तर म्हणून पालक आम्हांस सल्ला विचारतात. प्राध्यापक कोण, ग्रंथालय केवढें, हें क्वचितच कोणी विचारतो. ‘तेथें आपल्याकडचीं पोरें आहेत का, गुरुजी?’ हा प्रश्न मात्र चुकत नाहीं. घरीं अहिराणी, गुजरी, भिली अगर पावरी बोलणाऱ्या मुलास पुण्याच्या खाणावळींत तोंड उघडण्याचें धैर्य यावयास एक सहामाही जाते. तोंवर शेजारीं आपल्या बोलीचा एक सोबती असला तर तें मूल टिकतें, एरवीं दिवाळीच्या सुटींत ट्रंक घेऊन परत येतें. काशिकाकारांस हें कळविण्याची सोय असती तर बरें झालें असतें!

याच संदर्भांत इ. स. २०१८ ची हकीकत नोंदण्यासारखी आहे. आदिवासी वसतिगृहांतील खाणावळी बंद करून जेवणाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँकखात्यांत जमा करण्याचें शासनानें ठरविलें. त्या वर्षींच्या जुलैंत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायीं निघाले. त्यांचें मागणें शिजलेल्या अन्नाचें होतें. वरवर पाहतां हे शुद्ध ओदनपाणिनीय! परंतु रक्कम हातीं पडली तरी भात कोणी शिजवावा, कोठें शिजवावा, आणि अभ्यासाच्या वेळांतून किती वेळ त्यांत घालवावा, हें ज्यास रोज सोडवावें लागतें त्याच्या दृष्टीनें पंगत हें विद्येचेंच साधन ठरतें. ‘क्षेप’ हा शब्द आम्ही कुमारीदाक्षांपुरता राखूं. आणि खरें म्हणजे त्यांच्याविषयींहि आमचें मत पूर्वींइतकें कठोर राहिलेलें नाहीं.

विद्यापीठांचे इतिहास लिहिले जातात ते कुलगुरूंच्या व पदवीदानाच्या याद्यांवरून. खाणावळीचीं खातीं, वसतिगृहांचे प्रवेशपट, संमेलनांचे जमाखर्च, व मुलांनीं घरीं पाठविलेलीं पोस्टकार्डें हीं साधनें कोणीच जपत नाहीं. कोण आलें, कोण टिकलें व कोण परत गेलें, हें त्यांतच लिहिलेलें असतें. धुळें, नंदुरबार व जळगांव जिल्ह्यांतील ज्या गृहस्थांपाशीं इ. स. १९५० पूर्वींचे असले कागद असतील, त्यांनीं ते रद्दींत न घालतां मंडळाच्या दफ्तरीं पाठवावे. मूळ कागद ठेवून घ्यावयाचे असल्यास नक्कल चालेल. गृहस्थाचें नांव, गांव आणि कागद कोणाचा, एवढें पाकिटावर अवश्य लिहावें.